दिसायला सारखे, अर्थाला वेगळे: इंग्रजी शब्दांच्या फसव्या जोड्या कशा सोडवाव्यात

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल या दोन्ही शब्दांचा मराठी अर्थ पाहिला, तर बहुधा एकच मिळतो: ऐतिहासिक. गोंधळाचं मूळ इथेच आहे. इंग्रजीत शब्द दोन आणि मराठीत एकच असेल, तर अर्थ कितीही पाठ केला तरी लिहिताना हात अडखळणारच. म्हणून अर्थाऐवजी प्रत्येक शब्दाचा एक पक्का सोबती पाठ करा. हिस्टॉरिक व्हिक्टरी म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असा विजय. हिस्टॉरिकल नॉव्हेल म्हणजे इतिहासाशी संबंध असलेली कादंबरी, मग ती गाजो वा न गाजो. दोनशे वर्षांपूर्वीची वाणसामानाची यादी हिस्टॉरिकल असते, हिस्टॉरिक नसते.

यावरून लगेच ‘इकल’ प्रत्ययाचा नियम बांधायला जाऊ नका. इकॉनॉमिक पॉलिसी म्हणजे अर्थव्यवस्थेविषयीचं धोरण, तर इकॉनॉमिकल कार म्हणजे कमी इंधनात चालणारी, खर्चाला हलकी गाडी. हिस्टॉरिकलमध्ये ‘च्याशी संबंधित’ हा अर्थ लांब रूपाकडे होता, इथे तो आखूड रूपाकडे आला. क्लासिक एक्झाम्पल म्हणजे नमुनेदार उदाहरण, क्लासिकल म्युझिक म्हणजे शास्त्रीय संगीत. इलेक्ट्रिक फॅन ही विजेवर चालणारी वस्तू. इलेक्ट्रिकल इंजिनिअर हा वीज या विषयातला माणूस, तो स्वतः विजेवर चालत नाही. जिऑग्राफिक आणि जिऑग्राफिकल यांत मात्र फरक जवळजवळ नाही, तिथे वेळ घालवू नका.

आधी शब्दाची जात ओळखा

वाक्यात नाम हवं आहे की क्रियापद, एवढं ठरवलं की बऱ्याच जोड्या आपोआप सुटतात. ‘सल्ला’ हवा असेल तर ॲडव्हाइस: स्पेलिंगमध्ये सी, उच्चारात शेवटी स. ‘सल्ला देणे’ हवं असेल तर स्पेलिंगमध्ये एस, आणि शेवटचा उच्चार ‘माझा’मधल्या झ च्या जवळचा. डिव्हाइस म्हणजे उपकरण आणि त्याचं क्रियापद ‘युक्ती योजणे’, ही जोडीही अशीच चालते.

स आणि झ चा हा फरक कानाला लावून घेणं फार उपयोगाचं आहे, कारण मराठी लेखनात तो पुसला जातो. शर्ट ‘लूज’ होतो असं आपण म्हणतो, पण सैल या अर्थाच्या शब्दात दोन ओ असतात आणि शेवटी स ऐकू येतो. हरवणे किंवा हरणे या अर्थाच्या शब्दात एकच ओ, आणि शेवटी झ सारखा आवाज. दोन्ही शब्द देवनागरीत एकसारखे लिहिण्याची सवय झाली की स्पेलिंगही एकमेकांत मिसळतं.

प्रॅक्टिस आणि लायसन्स यांत कान मदत करत नाही. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही शब्दांचं नाम सी ने, क्रियापद एस ने. अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिस नेहमी सी ने, लायसन्स नेहमी एस ने. कोणतीही पद्धत घ्या, पण एका मजकुरात एकच ठेवा.

ॲफेक्ट आणि इफेक्टसाठी कसोटी सोपी आहे. शब्दाआधी ‘द’ किंवा ‘ॲन’ बसत असेल तर इफेक्ट: द इफेक्ट ऑफ द मेडिसिन. ‘परिणाम करतो’ म्हणायचं असेल तर ॲफेक्ट: द मेडिसिन ॲफेक्ट्स स्लीप. अपवाद एकच ध्यानात ठेवण्याजोगा आहे: टू इफेक्ट अ चेंज, म्हणजे बदल घडवून आणणे. ‘टू ॲफेक्ट अ चेंज’ लिहिलं की ‘बदलावर परिणाम करणे’ असा भलताच अर्थ होतो.

शेपटी बदलली की अर्थ बदलतो

सर्वांत महागात पडणारी जोडी हार्ड आणि हार्डली. ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं, हे शिकलेलं असल्यामुळे ‘ही वर्क्स हार्डली’ असं लिहिलं जातं आणि कष्टाळू माणूस कामचुकार ठरतो. ‘खूप मेहनतीने’ या अर्थाचं क्रियाविशेषणही हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम, क्वचितच, आणि त्यात नकार आधीच असतो. म्हणून त्याच्यासोबत ‘नॉट’ घालू नये. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ.

मराठीतही असंच घडतं, आणि त्याचा आधार घेता येतो. इंडस्ट्रियल म्हणजे औद्योगिक, इंडस्ट्रियस म्हणजे उद्योगी. चाइल्डिश म्हणजे पोरकट, चाइल्डलाइक म्हणजे निरागस. मराठी जोडी सापडली की ती इंग्रजी जोडीशेजारी लिहून ठेवा.

सुरुवातीचं ‘इन’ पाहून नकार गृहीत धरू नका. इनव्हॅल्युएबल म्हणजे मोल करता येणार नाही इतकं मौल्यवान. इनफ्लेमेबलचा अर्थ फ्लेमेबलसारखाच, सहज पेट घेणारं. न पेटणाऱ्या वस्तूला नॉनफ्लेमेबल म्हणतात. ही चूक जिवावर बेतू शकते. इशारा लिहिताना म्हणूनच फ्लेमेबल वापरावं.

सराव कसा करावा

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका. ते एकमेकांना ओढतात आणि नंतर कोणता कोणाचा तेच आठवत नाही. आधी जास्त लागणारा शब्द पक्का करा, दुसरा आठवड्याने घ्या. कार्डाच्या एका बाजूला रिकामी जागा सोडलेलं पूर्ण वाक्य लिहा, मागे उत्तर. नुसता शब्द आणि अर्थ लिहिलेलं कार्ड इथे कुचकामी ठरतं, कारण निवड वाक्यातच करावी लागते.

प्रिन्सिपल आणि स्टेशनरी यांना उच्चाराचा आधारच नाही. शेवटी एल ई असेल तर फक्त तत्त्व. ए एल असेल तर मुख्य, प्राचार्य किंवा कर्जाचं मुद्दल. स्थिर या अर्थाच्या स्टेशनरीत ए, लेखनसामग्रीच्या स्टेशनरीत ई, एन्व्हलपमधला ई समजा. साधा स्पेलचेक ही चूक सहसा पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं बरोबर असतात. म्हणून आपण हमखास चुकतो अशा पाच-सहा शब्दांची यादी जवळ ठेवा, आणि मजकूर पाठवण्यापूर्वी त्यातला एकेक शब्द फाइंडमध्ये टाकून प्रत्येक जागी त्याचा सोबती तपासा.