आबांचा नंबर आणि विद्यापीठाचं खातं

सकाळी देवगिरीतून सीएसएमटीला उतरलेला आपल्याकडचा पोरगा पहिले आठ दिवस तीनच गोष्टी विचारतो: खोली कुठं मिळेल, खानावळ कुठली बरी आणि लोकलचा सवलतीचा पास कसा काढायचा. मीही तेच विचारलं होतं. परभणी सोडून आता दहा-अकरा वर्षं झाली. दर जून-जुलैत गावाकडून चार-पाच फोन येतातच आणि या तिन्हीची उत्तरं मला पाठ आहेत. चौथी गोष्ट मात्र जूनमध्ये कुणीच विचारत नाही. ऑक्टोबरात परीक्षेचे फॉर्म सुटले की त्याच पोरांचा रडका फोन येतो: "दादा, खातं उघडंना."

विद्यापीठाच्या खात्याला हल्ली दोन कुलपं असतात. एक पासवर्ड. दुसरं म्हणजे तुमच्या हातात असलेल्या वस्तूचा पुरावा, बहुतेक वेळा मोबाइलचा. ऑफिसात त्याला मल्टिफॅक्टर ऑथेंटिकेशन किंवा एमएफए म्हणतात, हॉस्टेलवर 'टू-स्टेप'. हॉल तिकीट, फीच्या पावत्या, ईमेल, घरबसल्या लायब्ररीतली जर्नल्स, सगळं या खात्यामागं असतं.

आधी मोबाइल नंबर बघा. माझा प्रवेशाचा फॉर्म गावाकडच्या नेट कॅफेत भरला होता. तिथल्या पोरानं "नंबर सांगा" म्हटलं आणि आबांनी स्वतःचा सांगितला. पैसे ते देत होते, नंबरही त्यांचाच जाणार. पुढं मुंबईत परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सहा. पासवर्ड बरोबर टाकला, तर स्क्रीनवर 'नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे'. आबा मोटार चालू करायला मळ्यात गेलेले, आणि आमच्या मळ्यात रेंज फक्त विहिरीजवळच्या बाभळीखाली. मी वैतागून 'पुन्हा पाठवा' तीनदा दाबलं. शेवटी एकदाचा फोन लागला.

"थांब, चष्मा घरी राहिला. गड्याला बोलावतो."

गड्यानं एकेक आकडा सावकाश वाचला. सात. शून्य. चार. मी टाकला, चूक. परत टाकला, चूक. तो बिचारा पहिला मेसेज वाचत होता आणि तिसरा ओटीपी मागवल्यावर पहिले दोन बाद झाले होते, हे ना त्याला ठाऊक ना मला. खातं अर्धा तास बंद पडलं, साइट रात्री झोपली, फॉर्म दुसऱ्या दिवशी दंड देऊन भरला. दंडाचं सोडा. मला आजही खुपतं ते वेगळंच. कुणी फोन करून आकडे मागितले की वाचून दाखवायचे, ही सवय आबांना मीच लावली. पुढं बँकेच्या नावानं कुणी फोन केला तर ते तेच करणार होते.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात खात्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर तपासा. स्वतःचा नसेल तर बदला. ऑनलाइन बदलत नसेल तर ओळखपत्र घेऊन कॉम्प्युटर सेंटरला जा. आणि मुंबईत आलो म्हणून नवीन नंबर घेऊ नका. टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा वेगळं, म्हणून आमच्या आधीची पिढी रोमिंगच्या धाकानं इथं उतरल्या उतरल्या सिम बदलायची. आता त्याची गरज नाही. आधार, बँक, डिजिलॉकर, सगळं ज्या नंबरला जोडलंय तोच ठेवा आणि रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस बंद पडलेला नंबर कंपनी काढून घेते आणि दुसऱ्याला देते. मग तुमचे ओटीपी कुठल्यातरी परक्या माणसाच्या फोनवर जातात.

आता ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे ओटीपीसारखे आकडे फोनवरच बनवणारं ॲप. एसएमएसवर भागतं, पण ॲप त्याहून भरवशाचं. बहुतेक ठिकाणचं खातं गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं असतं. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'ऑथेंटिकेटर ॲप जोडा' असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. ते दाबलं की ॲपनं स्कॅन करायचा क्यूआर कोड येतो. ॲप उतरवून घेताना बनवणाऱ्याचं नाव वाचा. तसाच रंग, तसंच कुलपाचं चित्र असलेली नकली ॲप्स भरपूर आहेत. ती क्यूआर कोड स्कॅन झाला की दर आठवड्याचे पैसे मागायला लागतात. खरं ॲप फुकट असतं.

इथं सगळ्यांचा गोंधळ होतो तो असा. क्यूआर कोड फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं स्कॅन करायचा नसतो, ॲप उघडून त्यातल्या अधिकच्या खुणेवरून करायचा असतो. आणि लॅपटॉप नसेल तर? आपल्याकडच्या निम्म्या पोरांकडं एकच फोन असतो. कोड त्याच फोनवर, स्कॅनही त्यानंच कसा करणार? आरसा धरून बघणारा महाभाग मी हॉस्टेलवर पाहिलाय. त्या कोडखाली बारीक अक्षरात 'स्कॅन करता येत नाही?' अशी ओळ असते. ती दाबली की इंग्रजी अक्षरं-आकड्यांची लांबलचक 'की' म्हणजे किल्ली मिळते, ती कॉपी करून ॲपमध्ये टाकायची. काम झालं. कोडचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवू नका, मित्राला व्हॉट्सॲपवर तर नकोच. तो कोड म्हणजेच किल्ली. ज्याच्याकडं गेला त्याच्या फोनवर तुमचेच आकडे उमटतील.

ॲपमधला सहा अंकी आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो. तो कुठून येत नाही, फोन स्वतःच ती गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून बनवतो. विद्यापीठाचा सर्व्हरही तिकडं तोच हिशेब करतो आणि दोन्ही जुळले की दार उघडतं. त्यामुळं आकडा दिसायला ना रेंज लागते ना नेट. दिवाळीत गावी गेलात आणि ज्या फोनवर आकडे आहेत त्याला रेंज नसली, तरी भावाच्या फोनच्या नेटवरून लॉगिन होतं. बाभळीची गरज संपली. फक्त फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेणाऱ्या सेटिंगवर ठेवा. कुणी उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवतं आणि मग ॲप बिघडलं म्हणून कॉम्प्युटर सेंटरशी भांडतं.

काही विद्यापीठांत हा सहा अंकी आकडा टाकावा लागत नाही. फोनवर 'तुम्हीच लॉगिन करताय का?' असं येतं आणि स्क्रीनवर दिसणारा दोन अंकी आकडा फोनवर टाकायचा असतो. सोपं आहे. पण तुम्ही अंथरुणात आहात, काही उघडलेलं नाही, आणि रात्री दीडला ती सूचना आली, तर कुणाला तरी तुमचा पासवर्ड लागलाय. 'नाही' दाबा आणि तिथल्या तिथं पासवर्ड बदला. पुन्हापुन्हा सूचना पाठवून समोरच्याला कंटाळवायचं आणि एकदा 'हो' म्हणवून घ्यायचं, ही चोरांची जुनी युक्ती. दोन अंकी आकडा आला तो त्याच कारणानं. आणि 'कॉम्प्युटर सेंटरमधून बोलतोय, आकडा सांगा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. कॉम्प्युटर सेंटरला तुमचा आकडा कधीच लागत नाही.

मुंबईत फोन जातो, हे धरूनच चाला. माझा कुर्ल्याला गेला, हार्बरच्या गाडीत चढताना, खिशातून, मला धक्का लागलेलाही कळला नाही. लोहमार्ग पोलिसांत तक्रार दिली, मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं आणि सुटलो असं वाटलं. पण सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक थांबवायचा नियम आहे तो. ॲप चोरीच्या फोनबरोबर गेलेलं. म्हणजे एसएमएस नाही, ॲप नाही, आणि प्रोजेक्ट जमा करायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची. ती चुकली.

म्हणून दुसरी सोय आजच करून ठेवा. खातं गूगलचं असेल तर बॅकअप कोड मिळतात. आठ अंकी, दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते हातानं कागदावर उतरवा. झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला नेऊ नका, कारण फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. कागद मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. फोनच्या कव्हरमागं ठेवलात तर फोनबरोबर तोही गेला. मायक्रोसॉफ्टच्या विद्यापीठ खात्यात असे कोड मिळत नाहीत. तिथं ॲप आणि मोबाइल नंबर दोन्ही जोडून ठेवा. तरीही अडलात तर कॉम्प्युटर सेंटरवाले ओळखपत्र बघून थोड्या वेळापुरता चालणारा तात्पुरता पास देऊ शकतात.

गूगलच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये २०२३ पासून आकड्यांची साठवण गूगल खात्यात ठेवता येते. ती ठेवा, पण स्वतःच्या जीमेलमध्ये. विद्यापीठाच्याच खात्यात ठेवलीत तर किल्ली कपाटात टाकून कपाट ओढून घेतल्यासारखं होईल. फोन बदलतानाही क्रम सांभाळा: आधी नव्या फोनवर ॲप जोडायचं, लॉगिन करून बघायचं, मगच जुना बहिणीला द्यायचा.

झेरॉक्सच्या दुकानाचं निघालंच आहे तर तेही सांगतो. तिथं मेल उघडून पीडीएफ काढायची आपली सवय काही जाणार नाही, माझीही गेलेली नाही. निदान इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा आणि 'या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका' या चौकोनात टिक करू नका. ती टिक म्हणजे दुसरं कुलूप त्या दुकानापुरतं काढून ठेवणं. रांगेत मागं दहा जण असले तरी लॉगआउट करून मगच उठा.

कोड उतरवलेल्या त्याच कागदावर फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लिहा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केलं की दिसतो. फोन गेला की पोलीस तो मागतात आणि 'संचार साथी' या सरकारी साइटवर फोन ब्लॉक करायलाही तोच लागतो. माझ्याकडं तेव्हा लिहिलेला नव्हता. फोनचा खोका गावी होता, म्हणून आबांना फोन केला. चष्मा या वेळी घरीच होता. पंधरा आकडे त्यांनी दोनदा वाचून दाखवले.