मराठी कॉमिक काढताय? आधी पोरं कुठे आहेत ते बघा

कॉमिक काढणाऱ्या कुणाशीही बोला, एकच रडगाणं, पोरं वाचत नाहीत हो, मोबाईलने खाल्लं सगळं. अरे पण तुमचं कॉमिक पोरांना दिसतंय कुठे? इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, त्या काळात त्यातला वेताळ (म्हणजे फँटम) वाचायला कुणी मुद्दाम कुठे जायचं नाही, पेपरच्या स्टॉलवर समोर टांगलेला असायचा.

म्हणून पहिलं काम विक्रीच्या जागेचं. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून कॉमिक हळूहळू पेपरच्या स्टॉलवरून उठून खास कॉमिकच्या दुकानात गेलं, तिथे न खपलेला माल परत घ्यायची कटकट नाही म्हणून प्रकाशक खूश, पण त्या दुकानात शिरणार कोण तर जो आधीच फॅन आहे तोच, आठ वर्षांची मुलगी काही सहज तिथे डोकावत नाही. पुढे २००५ मध्ये मुलांची पुस्तकं छापणाऱ्या स्कोलॅस्टिकने ग्राफिक्स नावाचा विभाग काढला आणि कॉमिक थेट शाळेतल्या पुस्तक मेळ्यात नेलं, तिथे नवा वाचक मिळाला आणि त्यात मुली भरपूर. आपणही तेच करायचं, शाळेचं गॅदरिंग, वाचनालय, एसटी स्टँडवरचा स्टॉल. कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या जत्रेला, जरूर जा, मजा येते, पण तिथे नवीन वाचक कमी आणि आपलीच गँग जास्त (मी पण त्यातलाच).

दुसरं, गोष्ट एका अंकात संपवा. भाग ७ हातात आला आणि आधीचे सहा कुठेच मिळत नाहीत म्हटल्यावर कोण कशाला घेईल? अमर चित्र कथा १९६७ पासून चाललीये त्याचं एक कारण मला हेच वाटतं, कुठलाही अंक उचला, गोष्ट तिथेच सुरू तिथेच खलास.

चव आधी फुकट द्या. अमेरिकेत २००२ पासून मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानात कॉमिक फुकट वाटायला लागले, आपल्याकडे तर मे म्हणजे अख्खी सुट्टी, सोन्यासारखा मोका! चार पानांची गोष्ट मुलांच्या दिवाळी अंकाला द्या, किंवा रोजची पट्टी करा. चिंटू १९९१ पासून सकाळमध्ये यायला लागला तेव्हा किती घरांत पेपर आधी त्या पानावर उघडायचा आठवतंय ना, तीन-चार चौकटी, बास.

आणि प्लीज लेटरिंगकडे, म्हणजे संवादाच्या फुग्यातल्या अक्षरांकडे बघा!! देवनागरीला वर वेलांट्या खाली उकार, इंग्रजीच्या मापाने फुगे काढले की ओळी एकमेकींवर चढतात आणि नुकतं वाचायला शिकलेलं पोर दुसऱ्या पानावर गळतं. फुगा मोठा ठेवा, वाक्य कापा, जोडाक्षरांचा मारा नको. आवाज पण आपले लिहा, धप्पकन, खळ्ळ, फट्, बूम कशाला. आणि पात्रं घरात बोलतो तशी बोलू देत, "मी आता प्रस्थान करतो" असं दहा वर्षांचा पोरगा बोलत नाही हो.

छापायला टाकायच्या आधी झेरॉक्स काढून सोसायटीतल्या चार-पाच पोरांना द्या आणि गप्प बसा, काही समजावू नका. जिथे कुणी विचारेल "हे कोण बोललं?" ते पान परत काढायला घ्या.