गाडीचा विमा आहे हो, पण पार्सलचा?

नागपूरच्या गांधीबागेतून साड्यांचे बारा गठ्ठे घेऊन वाडीला निघालो होतो. अमरावती रोडवर पावसाने गाठलं, ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि तीन गठ्ठे भिजले. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पॉलिसी काढून वाचली तेव्हा कळलं, ती फक्त गाडीची होती. भरपाई खिशातून दिली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे.

आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि पॉलिसी शेजारी-शेजारी ठेवा. पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची ते लिहिलेलं असतं. पांढऱ्या पाटीची गाडी, खाजगी वापराची पॉलिसी आणि वर भाड्याची पार्सलं, असा कारभार असेल तर अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. छोटा हत्ती असो की तीनचाकी, मालवाहू म्हणूनच पासिंग आणि विमा करा. थर्ड पार्टी तर सक्तीचाच आहे. नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, आणि दोन्ही वेळी कैदही होऊ शकते. पण त्यातून भरपाई समोरच्याला मिळते, तुमच्या गाडीला नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या ते आठवा. अशा नुकसानीला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो.

आता माल, खरी गोम इथेच आहे. मालाच्या प्रवासाचा विमा वेगळा, त्याला इनलँड ट्रान्झिट म्हणतात. त्यात 'बी' कलम स्वस्त, पण आग, वीज पडणं, टक्कर, गाडी उलटणं अशा ठरावीक गोष्टींपुरतंच. माझे गठ्ठे त्यात बसले नसते. चोरी आणि पाऊस हवा असेल तर 'ए' मागा. तरी कच्चं पॅकिंग किंवा उशिराने झालेलं नुकसान त्यातही नाही.

"माल माझा नाहीच, व्यापाऱ्याचा आहे, त्याने विमा काढलाय," असं म्हणून निश्चिंत होऊ नका. कंपनी व्यापाऱ्याला पैसे देते आणि मग वसुलीला तुमच्याकडे येते. वाहतूकदाराच्या जबाबदारीची पॉलिसी, म्हणजे कॅरिअर्स लायबिलिटी, यासाठीच असते. रोज फेऱ्या असतील तर दर खेपेला वेगळा कागद नको, वर्षभराची घ्या. एका गाडीत जास्तीत जास्त किती रुपयांचा माल असतो, तो आकडा मात्र खरा सांगा. हप्ता वाचवायला कमी सांगितला की दावाही तेवढाच कापला जातो.

पोरं कामाला असतील तर कामगार भरपाईची पॉलिसी हवीच. पगारी ड्रायव्हरसाठी गाडीच्या पॉलिसीत अगदी किरकोळ हप्त्यात कलम जोडून मिळतं, एजंट आपणहून सांगत नाही. इतवारीत गाळा किंवा छोटं गोदाम असेल तर आगीचा विमा आणि घरफोडीचा विमा, दोन्ही विचारा. एकात दुसरा आपोआप येत नाही.

नुकसान झालंच तर गठ्ठे हलवण्याआधी फोटो काढा. माल घेणाऱ्याकडून पावतीवर 'तीन नग भिजलेले' असं लिहून सही घ्या. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत ओले खोके भंगारवाल्याला देऊ नका.