डेटिंग शोमध्ये गे माणसं खरी दिसतात का, हे कसं ओळखावं

मी गे आहे, आणि असे शो वही घेऊन बघतो. आधी बघा, खेळाचे नियम कुणाच्या सोयीचे आहेत. 2003 च्या अमेरिकन 'बॉय मीट्स बॉय'मध्ये स्पर्धकांत स्ट्रेट पुरुष लपवले होते, आणि जोडीदार शोधायला आलेल्या नायकाला त्याचा पत्ताच नव्हता. मला आजही त्याचा राग येतो.

मग कॅमेऱ्यावर लक्ष ठेवा. 2024 च्या जपानी 'द बॉयफ्रेंड'मध्ये मुलं जोडीजोडीनं कॉफीची गाडी चालवतात. त्या अरुंद जागेत काम करताना होणाऱ्या साध्या गप्पा, मधली अवघडलेली शांतता, सगळं निवांत दाखवलंय. हेच तर हवं असतं!

आणि हो, शोमध्ये या माणसांना कोणते प्रश्न विचारतात, तेही नोंदवा. दर भागात फक्त घरच्यांनी नाकारल्याचं दुःखच उकरत असतील, तर खुशाल बंद करा.