पिकअपसाठी जुना डीपीएफ घेताय? आधी नंबर, मग टॉर्च

नारायणगावात हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. टोमॅटोच्या हंगामात वाशी मार्केटला जाणाऱ्या पिकअप रात्रभर समोरून धावतात, आणि त्यातली एखादी सकाळी आमच्या दारात उभी असते. चेक लाईट लागलेला, गाडी ओढत नाही, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरच्या पाईपमधला फिल्टर) चोक. नव्याची किंमत ऐकली की मालक विचारतो, "दादा, कुर्ल्याहून जुना आणू का?" आणा. पण तो बसेल का आणि चालेल का, हे तिथेच बघून आणा.

त्याआधी एक काम. आपला डीपीएफ खरंच गेलाय का? त्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोन बारीक नळ्या दाबाच्या सेन्सरला जातात. या नळ्यांचा रबरी तुकडा उष्णतेने तडकतो आणि सेन्सर भलतंच सांगायला लागतो. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. दाबाचा फरक शून्याजवळ दिसायला हवा. तिथेच मोठा आकडा आला तर सेन्सर खोटं बोलतोय, आधी तो नीट करा, मग डीपीएफला दोष द्या. आकडा बरोबर आणि नळ्याही धड असतील तर चोक का झाला ते शोधा: इंजेक्टर गळतोय, टर्बो ऑईल सोडतोय, की ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. मूळ दुखणं राहिलं तर आणलेला डीपीएफही काही दिवसांत भरणार.

आता नंबर. आपल्या डीपीएफच्या पत्र्यावर कोरलेला पार्ट नंबर वायरब्रशने घासून काढा आणि मोबाईलवर फोटो घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला, एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा. गाडी तीच, नाव तेच, पण या दोन टप्प्यांतला डीपीएफ एकच असेल असं धरून चालू नका. मी एकदा नुसता फ्लँज (पाईपला बोल्टने जोडायची कडा) जुळतो म्हणून एक उचलून आणला. गाडीखाली धरला तेव्हा कळलं, त्याला एका सेन्सरचं भोक जास्त होतं आणि मागचा पाईप चेसिसला टेकत होता. अख्खा दिवस गेला. तेव्हापासून फ्लँजची भोकं, तापमान सेन्सरच्या जागा आणि त्यांचा कोन, दाबाच्या नळ्यांची तोंडं, ब्रॅकेट, सगळं फोटोशी ताडून बघतो. ज्या गाडीतून काढला तिचं मॉडेल, साल आणि किलोमीटरही विचारतो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातला माल असेल तर ही माहिती कागदावर मागा. बिल घेतल्याशिवाय उचलू नका, कारण चोरीचा मालही बाजारात फिरतो.

खरी परीक्षा टॉर्चची. डीपीएफच्या आत पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. एका भोकाचं पुढचं तोंड बंद, शेजारच्याचं मागचं बंद. धूर भिंतीतून झिरपून पलीकडे जातो, काजळी अलीकडेच अडकते. मग धूर बाहेर पडतो त्या बाजूला काजळी यायचं कारणच नाही. मी दुकानदाराला सांगतो, "शेठ, जरा उजेडात घ्या," आणि मागच्या तोंडातून पांढरं फडकं आत फिरवतो. थोडी भुरकट धूळ चालेल. फडकं काळं कुळकुळीत झालं तर जाळी फुटलीय, कितीही स्वस्त दिला तरी ठेवून द्या. हात पोचत नसेल तर मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडा. भोकं बुद्धिबळाच्या पटासारखी एक उघडं, एक बंद दिसली पाहिजेत. पुढच्या बाजूने बघून फसू नका. बऱ्याच गाड्यांत त्याच डब्यात पुढे कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारी वेगळी जाळी) असतो, त्याची सगळी भोकं उघडी दिसतात.

डबा हलवून बघा. खडखडला तर नको. वेल्डिंगचा हात नीट बघा: कंपनीची शिवण एकसारखी असते. तिच्या शेजारी दुसरी, ओबडधोबड शिवण दिसली तर डबा कापून जाळी काढली असण्याची दाट शक्यता. असा डबा हातात हलका लागतो. उलट फार जड किंवा आतून तेलकट असेल, तर तो ऑईल पिऊन बसलाय. काजळी सुमारे ६०० अंशांवर जळून जाते, ऑईलची राख जळत नाही, साठतच जाते. म्हणून कमी चाललेल्या गाडीचाच निवडा.

"दादा, डीपीएफ काढूनच टाका, सॉफ्टवेअर मारून देतात," असं सांगणारे भेटतील. मी ते काम करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत, आणि तो काळा धूर शाळेच्या फाट्यावर उभ्या असलेल्या आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

बसवताना गॅस्केट नवीनच घाला आणि दाबाच्या नळ्या उलटसुलट लावू नका. स्कॅनरवर डीपीएफ बदलल्याची नोंद करा. राखेचा आकडा भरायची सोय असेल तर शून्य टाकू नका, ज्या गाडीतून काढला तिच्या किलोमीटरप्रमाणे भरा. ऑईल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. पहिली फेरी माळशेजमार्गे भरल्या गाडीची मारा, रिजनरेशन (साठलेली काजळी गाडी आपोआप जाळते ते) चालू असेल तर मध्येच चावी बंद करू नका. परत आलात की गाडी गार होऊ द्या, फ्लँजभोवती काळा डाग पडलाय का बघा आणि नट पुन्हा एकदा आवळा.