ग्रंथातला ‘शाप’ वाचताना या चुका टाळा

बायबलमध्ये ‘शाप’ दिसला की आपल्या डोळ्यांसमोर दुर्वास उभे राहतात: कमंडलू, ओंजळीतलं पाणी आणि मागाहून उःशाप. पहिली गफलत इथेच होते. अनुवादातल्या त्या एका शब्दामागे हिब्रूत अनेक शब्द आहेत.

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकातलं 21:17 (अध्याय 21, वचन 17) बघा. आईबापाला शाप देणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. क्रियापद आहे ‘कलल’. त्याच्या मुळाशी हलकेपणा. आदल्याच अध्यायात, 20:12 मध्ये, आईबापाचा मान राख असं सांगताना ‘कबद’ येतो. त्याच्या मुळाशी जडपणा. मराठी माणसाला हे उलगडून सांगायला नको. आपणही माणसाला हलकं लेखतो, आपल्याकडेही शब्दाला वजन असतं, आणि ‘गुरु’ म्हणजे मुळात जडच! तेव्हा रागात तोंडून सुटलेली एखादी शिवी, एवढ्यावर हे वचन उरकू नका.

मत्तय 26:74 मध्ये येशूचा शिष्य पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणताना शिवीगाळ करतोय, असंही पुष्कळांना वाटतं. तो बहुधा स्वतःवरच शाप ओढवून घेतोय: खोटं बोलत असेन तर माझं वाटोळं होवो. शाप आणि शपथ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘शप्’ धातूतूनच आलेत, हे लक्षात ठेवलं की गाठ सुटते.

शाप नेमका कुणाला, हेही तपासा. उत्पत्ती 9:25 मध्ये नोहा आपल्या नातवाला, कनानाला शापतो; कनानाच्या बापाला, हामला नाही. तरी अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी आफ्रिकी लोकांना हामचे वंशज ठरवून त्याच वचनाचा आधार घेतला.

ईयोब 2:9 मात्र मजेशीर आहे. संकटांनी गांजलेल्या ईयोबाची बायको हिब्रूत अक्षरशः म्हणते, ‘देवाला आशीर्वाद दे आणि मर.’ देवाला शाप, हे शब्द लिहायचे कसे? बांगडी फुटली तरी आपण ती ‘वाढवली’ म्हणतो, तसंच हे.

आणि शाप म्हणजे नुसता संताप नव्हे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं 27:17 शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला शापतं. लोक त्यावर ‘आमेन’ म्हणतात. आपल्याकडे हेच काम गधेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेले दगड, करायचे. शके 1109 च्या, म्हणजे 1187 च्या, परळच्या शिलाहार लेखात दान मोडणाऱ्याच्या कुटुंबावर देवाचा कोप मागितलाय, आणि लगोलग त्याच्या आईवरून गाढवाची शिवी. तीही संस्कृतात नाही, मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असे दगड गाढवाचं चित्रही कोरून ठेवत.