पावसाचे थेंब आणि फोटोत उमटणारे गोळे

थेंबांचे फोटो शिकायचे असतील तर ठाण्यातल्या मंडळींनी येऊरच्या जंगलाची वाट धरायची घाई करू नये. घरच्या खिडकीची ग्रील पुरेशी आहे. सर ओसरली की आडव्या सळीला थेंब लोंबतात, आणि प्रत्येक थेंब भिंगासारखं काम करतो: समोरची इमारत त्यात उलटी दिसते. फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या त्या चित्रावर धरा. हा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण थेंब स्थिर असतो आणि फोकस किती नाजूक असतो ते हाताला कळतं.

मग पडता थेंब. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, बाटलीला लावा, चाक फिरवून थेंबांचा वेग ठरवा. खाली काठोकाठ भरलेलं ताट. थेंब पडतो तिथे पट्टी आडवी धरून मॅन्युअल फोकस लावा आणि पट्टी काढून घ्या. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/११ वर ठेवा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान.

इथे नवी माणसं शटर स्पीडच्या, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याच्या, मागे लागतात. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब पाण्यापाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर असतो. १/२०० सेकंदात तो १४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसती रेघ. थेंब गोठवतो तो फ्लॅश. खोलीत अंधार करा, फ्लॅशची पॉवर १/३२ वर आणा. पॉवर कमी केली की स्पीडलाइट (कॅमेऱ्याला लावायचा सुटा फ्लॅश) कमी वेळ चमकतो, साधारण १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी. अमेरिकी अभियंता हॅरोल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला, तोही अशाच क्षणभर चमकणाऱ्या दिव्याने.

आता गोळे. पावसात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पांढुरकी वर्तुळं तरंगताना दिसतात, आणि कुणीतरी हमखास 'आत्मा' म्हणून तो फोटो ग्रुपवर टाकतो. खरं तर लेन्सच्या अगदी जवळचा, फोकसबाहेरचा थेंब फ्लॅशचा उजेड सरळ लेन्सकडे परतवतो आणि त्याचा ठिपका पसरून वर्तुळ होतं. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, म्हणून तिथे हे जास्त दिसतं.

विश्वास ठेवू नका, करून बघा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातभर बाजूला धरा, बहुतेक गोळे जातील. अपर्चर एफ/८ करा, गोळ्यांना लेन्समधल्या अपर्चरच्या पात्यांइतके कोपरे येतील. रात्री ठाण्याच्या तलावपाळीचे दिवे अपर्चर पूर्ण उघडून, फोकसबाहेर ठेवून काढा, तिथेही तसेच गोळे. मधोमधचे गोल, कोपऱ्यातले बदामासारखे, कारण तिरक्या उजेडाचा काही भाग लेन्सची नळीच अडवते.

गोळे मुद्दाम हवे असतील तर अपर्चर पूर्ण उघडा, मागे काळोख ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने लेन्ससमोर, काचेवर पाणी न उडवता, बारीक तुषार मारा. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी मात्र आधी चढवा.